ओ-टू (कोड वेगवान करायचा कंपायलरचा पर्याय) लावल्यावर ओव्हरफ्लोची तपासणी गायब होते?

सी भाषेत बेरीज मर्यादेबाहेर गेली का, म्हणजे ओव्हरफ्लो झाला का, हे पाहायला बरेच जण 'क + ख < क' असं लिहितात (दोन्ही इंट म्हणजे पूर्णांक, ख धन). ओ-झीरोवर (वेग वाढवणं बंद असताना) ते बहुधा चालतं. ओ-टूवर कंपायलर ती तपासणीच उडवून देतो. साइन्ड (धन-ऋण दोन्ही आकडे घेणाऱ्या प्रकाराचा) ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड, म्हणजे तेव्हा काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही; म्हणून तो होणारच नाही असं धरून कंपायलर चालतो. आणि उडवताना बहुतेकदा एक वॉर्निंगही देत नाही!

१. बेरीज करण्याआधी तपासा: 'क > इंट-मॅक्स − ख' (इंट-मॅक्स म्हणजे इंटमध्ये मावणारा सर्वात मोठा आकडा, इंट-मिन सर्वात लहान). हे ख ऋण नसतानाच. ऋण असेल तर ही वजाबाकीच ओव्हरफ्लो होते (मीही इथेच फसलो होतो). तिथे 'क < इंट-मिन − ख' लिहा.

२. कंपायलर जीसीसी किंवा क्लँग असेल तर त्यांचं बिल्टिन ॲड ओव्हरफ्लो (बेरीज करून ओव्हरफ्लो झाला का ते सांगणारं तयार फंक्शन) वापरा. ख धन असो वा ऋण, दोन्ही बाजू तेच सांभाळतं, मी आता दुसरं काही लिहीत नाही.

३. चाचणीचा बिल्ड अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून चालवा.

सावधान: सॅनिटायझर प्रत्यक्ष चाललेला कोडच तपासतो. इंट-मॅक्सच्या आसपासचे आकडे चाचणीत दिलेच नाहीत, तर तो गप्प बसेल.