रिमॅप केलेल्या टर्बो डिझेल गाडीला गेज: कोणते घ्यायचे, कुठे आणि कसे बसवायचे

गाडीला रिमॅप मारला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला, किंवा ट्यूनिंग बॉक्स जोडला की वाढलेली ताकद मुख्यतः जास्तीच्या डिझेलमधून येते. डॅशबोर्डवरचे काटे मात्र कंपनीचेच राहतात, आणि सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू किती तापलाय हे त्यातला एकही सांगत नाही. कूलंटचा काटा तर बऱ्याच गाड्यांत मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मधोमध उभा राहतो, आणि हलला की थेट लालकडे जातो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ वर असताना भरलेल्या गाडीने घाट चढताना तो काटा हलेपर्यंत वाट पाहिली, तर हेड गॅसकेट उडालेलं असू शकतं. म्हणून रिमॅपच्या खर्चातच गेजचा खर्च धरा. दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी गेज लावा.

पहिला मान एक्झॉस्ट तापमानाचा, म्हणजे ईजीटी गेजचा. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की एक्झॉस्ट तापतं. पेट्रोलसारखं मिश्रण घट्ट करून ते थंड होत नाही. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागात) मोजलेलं तापमान सलग ७०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचं. ओव्हरटेक करताना काही सेकंद ७५० पर्यंत गेलं तर चालतं, पण भरल्या गाडीने चढावर पाच मिनिटं तेवढं राहिलं तर पिस्टनचा माथा आणि टर्बाइनचं चाक दोन्ही धोक्यात येतात. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, टर्बोच्या नंतर लावला तर भोकाचं काम सोपं होतं, पण लोडवर आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहून जास्त कमी दिसतो आणि हा फरक स्थिरही नसतो. ‘शंभर मिळवून वाचू’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. प्रोब टर्बोच्या आधीच हवा.

घेताना के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांनी तापमान मोजणारा), बंद टोकाचा, इनकोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या नळीचा, साधारण ३ मिलिमीटर जाडीचा प्रोब मागा. ६ मिलिमीटरचा जाड प्रोब टिकतो, पण आकडा उशिरा दाखवतो. अगदी स्वस्त प्रोबचं टोक जळून तुटतं, आणि तुटलेला तुकडा सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

दुसरा बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब दाखवणारा. डिझेलला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, म्हणून अर्धी डायल व्हॅक्यूमची असलेला गेज घेऊ नका. ० ते २ किंवा ० ते ३ बारचा घ्या. सेन्सरवर ‘३ बार ॲब्सोल्यूट’ लिहिलं असेल तर त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात तो २ बारच्या आसपासच बूस्ट दाखवू शकतो. रिमॅपनंतर १.८ बार जाणाऱ्या गाडीला हा सेन्सर अगदी काठावरचा आहे.

तिसरं कूलंटचं तापमान आणि चौथं ऑइल प्रेशर. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असून ट्रॉली ओढायची असेल तर त्याच्या ऑइलचं तापमानही धरा. याहून जास्त गेज लावू नयेत. आठ डायल असल्या की चालवताना एकीकडेही नीट लक्ष जात नाही.

ओबीडीत (गाडी तपासण्याच्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर बघितलं तर पुरे होतं का, असा प्रश्न हमखास येतो. कूलंट, इनटेक हवेचं तापमान आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) यांच्यासाठी तो मार्ग चांगला आणि स्वस्त आहे. पण त्याला मर्यादा आहेत. ओबीडीचं प्रमाणित बूस्ट रीडिंग एकाच बाइटमध्ये येतं, त्यामुळे ते २५५ किलोपास्कलच्या (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार) वर जाऊच शकत नाही. संभाजीनगरच्या उंचीवर हवेचाच दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे १.६ बार बूस्टला आकडा थांबतो. गाडी पुढे २ बारवर गेली तरी पडद्यावर तेवढंच दिसतं. शिवाय ईजीटी जुन्या गाड्यांत ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, माहीतच नसतं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तापमानाचे सेन्सर असतात, पण त्यातले बरेच डीपीएफच्या (एक्झॉस्टमधली काजळी पकडणाऱ्या फिल्टरच्या) बाजूला बसवलेले असतात. तेव्हा कूलंट ओबीडीवर आणि ईजीटी-बूस्ट स्वतंत्र गेजवर, ही जोडी सगळ्यात व्यवहारी ठरते. रेल प्रेशर मात्र ओबीडीवरच बघा. कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवण्याचा विचारही नको. तो फवारा कातडी भेदून आत जातो.

मॅनिफोल्डला भोक पाडणं

सगळ्या कामात जपून करायचं ते हेच. मॅनिफोल्ड काढून घेतलं तर उत्तम. आदल्या संध्याकाळी स्टडच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर एखादा स्टड हेडमध्येच तुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. नवं गॅसकेट आधीच आणून ठेवा. ड्रिल आणि टॅप हाताशी नसतील तर काढलेलं मॅनिफोल्ड वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरकडे न्या. ‘१/८ एनपीटीचे आटे पाडून द्या’ (एनपीटी म्हणजे निमुळत्या आट्यांचं अमेरिकन माप) एवढं सांगितलं की पुरे, फक्त फिटिंग सोबत न्या.

जागा निवडताना सगळ्या सिलिंडरचे पाइप जिथे एकत्र येतात तिथे, टर्बोच्या फ्लँजच्या थोडं आधी भोक घ्या. एकाच सिलिंडरच्या पाइपवर घेतलं तर त्या एका इंजेक्टरचीच खबर मिळते. भिंत जाड आहे ना, बाहेरून पाना फिरेल ना, आणि प्रोबची वायर वाकून वर यायला जागा आहे ना, हे भोक पाडण्याआधी बघा. बिडाच्या मॅनिफोल्डला आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग ६, आणि शेवटी साडेआठच्या आसपासचं, तेही ड्रिल मंद ठेवून. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा न्या. हे आटे निमुळते असतात. टॅप पूर्ण आत घुसवला तर फिटिंग सैल बसतं आणि आयुष्यभर गळतं. म्हणून मधूनमधून फिटिंग लावून बघा. हाताने तीन-चार आटे बसले आणि मग पान्याने घट्ट झालं की थांबा.

मॅनिफोल्ड न काढता काम करायचं तर टर्बो तरी सोडवा. तेही जमत नसेल तर ड्रिल आणि टॅपला घट्ट ग्रीस माखा, दर काही फेऱ्यांनी पुसा, पुन्हा माखा. बिडाचा कीस चिकट ग्रीसला धरून बाहेर येतो. शेवटचा पातळ पापुद्रा फुटला की चुंबकाची कांडी आत फिरवा. एक्झॉस्टमधला बारीक चुरा इंजिन चालू केल्यावर टर्बाइनवर आपटतो. भुकटी बहुधा निघून जाते, पण तांदळाएवढी कपची पात्याची कड तोडू शकते.

प्रोबचं टोक वायूच्या प्रवाहाच्या मधोमध यायला हवं. आतली वाट ४० मिलिमीटर असेल तर २० मिलिमीटर आत. फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, ती इथे जळून जाते. तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावा.

थर्मोकपलची वायर लांबवायची तर के-टाइपचीच वायर वापरा. साधी तांब्याची वायर जोडली की तो जोड बोनेटखाली तापतो आणि आकडा चुकतो. इंजिन तापताना आकडा उलट खाली जात असेल तर प्रोब खराब नाही, दोन वायरी उलट लागल्यात.

बूस्ट, ऑइल आणि कूलंट

बूस्टची नळी इंटरकूलरनंतर (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतर) घ्या, इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूने. वेस्टगेट ॲक्चुएटरच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप हलवणाऱ्या भागाच्या) नळीत टी टाकू नका. तिथे जरा गळती झाली की ॲक्चुएटरला कमी दाब कळतो आणि खरा बूस्ट वाढत जातो. पात्यांचा कोन बदलणाऱ्या व्हीजीटी टर्बोवर तर ॲक्चुएटरची नळी बऱ्याचदा व्हॅक्यूमची असते, तिथे गेज लावून काहीच कळत नाही. इंजिनावर तयार नळी नसेल तर इंटरकूलरच्या थंड बाजूचा ॲल्युमिनियम पाइप काढून, बाहेर टेबलावर ठेवून भोक पाडा. कीस धुऊन, फुंकून मगच परत लावा, कारण तो पाइप सरळ सिलिंडरकडे जातो.

ऑइल प्रेशरला कंपनीचा स्विच काढून टाकू नका. टी लावून लाल दिवा आणि गेज दोन्ही चालू ठेवा. आटे ओळखूनच फिटिंग घ्या: जपानी बनावटीच्या इंजिनांत बहुधा १/८ पीटी म्हणजे बीएसपीटी (ब्रिटिश माप) असतात, त्यांना इंचात २८ आटे, एनपीटीला २७. दोन फेरे एकमेकांत बसतात म्हणून फसायला होतं, आणि जोर लावला की ब्लॉकचाच कान तडकतो. युरोपीय धाटणीच्या इंजिनांत एम १० × १ मिळतं. सेन्सर जड असतो. पितळी टीवर तो लोंबकळत ठेवला तर आपल्याकडच्या रस्त्यांवर कंपनाने टी मोडते आणि सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. स्टीलची जाळी असलेली छोटी होज घेऊन सेन्सर बॉडीवर क्लॅम्पने बसवा. सेन्सर एकाच वायरीचा असेल तर त्याला अर्थिंगची वेगळी वायर द्या. ऑइलची नळी थेट केबिनमध्ये आणणारा यांत्रिक गेज टाळा.

कूलंट ओबीडीवर न बघता वेगळा गेज लावायचा तर वरच्या रेडिएटर होजमध्ये बसणारा अडॅप्टर सोपा पडतो, पण त्यात एक मोठा धोका आहे. पाणी गळून पातळी खाली गेली की सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना आकडा कमी दाखवतो. त्यावर उपाय म्हणजे हेडवर बाहेरून लावलेल्या एखाद्या छोट्या बोल्टखाली (हेड आवळणाऱ्या मुख्य बोल्टखाली नव्हे) बसणारा चकतीचा सेन्सर. तो धातूचं तापमान मोजतो, पाणी असो वा नसो. दोन्हीपैकी एकच घ्यायचा तर हा घ्या. होजमधला घेतलाच तर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकणं बंद करा. आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर सेन्सरवर चढतो आणि तो सुस्त होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे.

वायरिंग

चावीवर येणारी वायर फ्यूज बॉक्समधून, ३ किंवा ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज देऊन घ्या. वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात, मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काहीही कापू नका. सगळ्या गेजची अर्थिंग एकाच बोल्टवर, रंग खरवडून. वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग दिली की हेडलाइट लावल्यावर किंवा एसीचा क्लच लागल्यावर काटे थरथरतात. पिळून टेप मारलेले जोड पावसाळ्यात हिरवे पडतात, म्हणून क्रिंप करून हीट श्रिंक चढवा. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवंच, आणि एक्झॉस्टपासून किमान वीतभर अंतर.

गेजचं पॉड (गेज बसवायचा कप) ए-पिलरवर (पुढच्या काचेलगतच्या खांबावर) लावण्याआधी तिथे कर्टन एअरबॅग आहे का बघा. असेल तर पॉड एअरबॅगच्या वाटेत येतं. स्टिअरिंगच्या बाजूला डॅशवर जागा शोधा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली साधा एलसीडी पडदा काळा पडतो. काट्याचा किंवा एलईडीचा गेज टिकतो.

लावल्यावर तपासणी

कूलंटचा सेन्सर आणि ईजीटीचा प्रोब बसवण्याआधी गेजला जोडून उकळत्या पाण्यात धरा. टोक भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका, ते पाण्याहून गरम असतं. संभाजीनगरला पाणी ९८ अंशांना उकळतं, नांदेडला ९९ च्या जवळ. आकडा तिथे आला की सेन्सर बरोबर. १०० दाखवत नाही म्हणून गेज परत करायला जाऊ नका. बूस्ट गेजच्या नळीला पायपंप लावून पंपावरच्या मीटरशी ताडून बघा. ॲब्सोल्यूट सेन्सर असेल तर इंजिन बंद, चावी चालू ठेवून संभाजीनगरात ९५ च्या आसपास किलोपास्कल दिसायला हवेत.

मग रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने चारही आकडे टिपून घ्या. नंतर भरल्या गाडीने चाळीसगावकडून कन्नडचा औट्रम घाट चढताना, किंवा मांजरसुंब्याला. हे तुमच्या गाडीचे आकडे झाले, आणि पुढची सगळी तुलना यांच्याशी. ईजीटी वाढलेलं आणि बूस्ट नेहमीपेक्षा कमी असेल तर हवा कुठेतरी निसटतेय किंवा अडतेय. होजच्या क्लिप बघा, एअर फिल्टर काढून झटका. कापूस वाहतुकीच्या दिवसांत इंटरकूलर आणि रेडिएटरच्या फिन्समध्ये रुई आणि धूळ मिळून नमदा तयार होतो. तो मागून पुढे, हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात. ईजीटी आणि बूस्ट दोन्ही पडलेले असतील तर डिझेल फिल्टर चोंदलाय का ते बघा. बूस्ट नेहमीचा आणि ईजीटी जास्त असेल तर मॅपमध्ये डिझेलच जास्त घातलंय. ट्यूनरकडे आकडे घेऊन जा. गरम इंजिनाला आयडलवर ऑइल प्रेशर साधारण १ बार आणि २५००-३००० आरपीएमला ३ बारच्या वर असावा.

चढावर ईजीटी ७०० कडे सरकू लागलं तर गिअर खाली घ्या आणि पाय सैल करा. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवलं की हवा कमी, पाण्याचा पंपही मंद, आणि आकडा चढतच जातो. अलार्म ईजीटीला ६८०, कूलंटला १०३ आणि ऑइलला ०.७ बार ठेवा. घाट चढून आल्यावर ईजीटी २०० च्या खाली आल्याशिवाय चावी बंद करू नका.

दर २०,००० किलोमीटरला, इंजिन गार असताना, ईजीटीचा प्रोब काढून टोक बघा. काजळी पुसून टोकाला चीर, खड्डा किंवा बारीकपणा दिसला तर नवा प्रोब टाका, आकडा बरोबर येत असला तरी.