गड्डा आटोपला की निघा: एकट्याने, निवांत, तीन देश

एकवीस रात्री, तीन देश, मुक्कामाची पाच गावं. एकट्याने आणि निवांत फिरायचं तर याहून जास्त कोंबू नका. इथे धरलेला मार्ग असा: सोलापूरहून हैदराबाद, तिथून विमानाने बँकॉक, तिथे पाच रात्री. मग रेल्वेने दक्षिणेला हुआ हिन, समुद्रकाठी तीन. एक रात्र झोपून जायच्या गाडीत. मलेशियात पेनांगला पाच आणि क्वालालंपूरला चार. शेवटी सिंगापूर तीन, आणि तिथूनच हैदराबादला परत. विमानाचं तिकीट 'मल्टी सिटी' पर्यायातून काढलं की जाणं बँकॉकला आणि येणं सिंगापूरहून असं एकाच आरक्षणात बसतं. परत बँकॉक गाठण्यात जाणारा एक दिवस आणि एक भाडं वाचतं.

आधीच पक्क्या करायच्या गोष्टी चार: विमान, रात्रीची गाडी, सरहद्द ओलांडायचे दोन दिवस आणि प्रत्येक गावातल्या पहिल्या दोन रात्रींची खोली. बाकी मोकळं सोडा. वहीत प्रत्येक मुक्कामाला एक पान कोरं ठेवा, त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. कपडे धुणं, पाय दुखले तर पडून राहणं, हुकलेल्या गाडीची भरपाई, सगळं त्याच दिवसात जिरतं. एकट्या माणसाला थकवा फिरण्याने कमी आणि दर तासाला निर्णय घेण्याने जास्त येतो. सोबत दुसरं कोणी नसतं, रिक्षा शोधण्यापासून जेवण ठरवण्यापर्यंत सगळं आपल्याच डोक्यावर. म्हणून हा कोरा दिवस कापू नका, दुसरं काहीही कापा.

महिना कोणता? सोलापूरकरांना सोपं उत्तर आहे: सिद्धेश्वराची यात्रा झाली, अक्षता पडल्या, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, फिरून झाला की निघा. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात या काळात बँकॉक कोरडं असतं आणि मलेशियाचा पश्चिम किनाराही बरा असतो. अडचण एकच, चिनी नववर्ष. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात पेनांग, क्वालालंपूर, सिंगापूर इथल्या गाड्या आणि खोल्या भरतात, बरीच दुकानं बंद असतात. तारीख टाळता येत नसेल तर तेवढ्या आठवड्याच्या सगळ्या रात्री आधीच आरक्षित करा, दोन रात्रींचा नियम तिथे चालणार नाही. एप्रिलमध्ये १३ ते १५ तारखेला थायलंडमध्ये सोंगक्रान असतो. तेव्हा रेल्वेत जागा मिळणं कठीण.

तीन महिने आधी पासपोर्ट उघडून बघा. परत येण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत हवी आणि किमान चार पानं कोरी हवीत. मुदत कमी असेल तर नूतनीकरण सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रातून होतं. ३६ पानांचे १,५०० रुपये, ६० पानांचे २,०००. दहावी पास असाल तर प्रमाणपत्र जोडा, म्हणजे 'ईसीआर'चा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शेरा येणार नाही. नावाकडे नीट बघा, मराठी माणसाची गडबड इथेच होते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि आगमनाचे फॉर्म अगदी तसेच भरा. आधार कार्डावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, असं सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत असतं. तिथे आधार बघून तिकीट काढलं की नाव दुरुस्तीचे पैसे पडतात. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं असेल तर ते तिकीट काढलं त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

व्हिसा तिन्हीकडे वेगळा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. थायलंडमध्येही आपल्याला व्हिसामुक्त प्रवेश मिळत आला आहे, पण तिथे किती दिवस राहता येतं हे मधूनमधून बदलतं; तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, दोनदा दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतोच आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, कागद मॅट. दत्त चौकातल्या स्टुडिओत सांगतानाच हे माप सांगा आणि आठ प्रती घ्या. सिंगापूर शेवटी असल्यामुळे एक पेच पडतो: तो अर्ज फार आधी देता येत नाही, आणि तुम्ही त्याआधीच अठरा दिवस बाहेर असता. म्हणजे घरून निघण्याच्या साधारण बारा दिवस आधी अर्ज, आणि निघताना छापील ई-व्हिसा हातात. हे जमत नसेल तर सिंगापूर सोडा आणि क्वालालंपूरहूनच परत या. सहल तेवढ्याने उणी होत नाही.

आगमनाचा ऑनलाइन फॉर्म तिन्ही देशांचा आहे आणि तिन्ही फुकट आहेत. थायलंडचा 'टीडीएसी' १ मे २०२५ पासून सक्तीचा झाला. मलेशियाचा 'एमडीएसी' आणि सिंगापूरचं 'एसजी अरायव्हल कार्ड' तसंच. प्रत्येक फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरायचा, त्यामुळे तिन्ही घरूनच उरकून टाकता येत नाहीत. कॅलेंडरवर तीन तारखा लावून ठेवा: पहिला सोलापुरात, दुसरा हुआ हिनला, तिसरा क्वालालंपूरला. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही हे ओळखा आणि कार्डाचा नंबर देऊ नका.

कागदांची एक फाइल करा, फोनवर भरवसा ठेवू नका. परतीचं तिकीट, पहिल्या खोल्यांच्या पावत्या, विमा, सिंगापूरचा व्हिसा, नोकरी असेल तर रजेचं पत्र. एकट्या तरुण प्रवाशाला आपल्याच विमानतळावर थोडे जास्त प्रश्न विचारले जातात, कारण थायलंडमार्गे बनावट नोकऱ्यांच्या जाळ्यात लोक नेले गेले आहेत. शांतपणे फाइल पुढे करा. थायलंडला उतरताना माणशी २०,००० बाथ किंवा तेवढं परकीय चलन दाखवायला सांगू शकतात, तेवढी सोय जवळ असू द्या.

पैशांसाठी दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, एक खिशात आणि एक बॅगेच्या तळाशी. आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून स्वतः चालू करावा लागतो. हे सोलापुरात असतानाच करा. थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथच्या आसपास शुल्क लागतं. २,००० बाथ काढले तर ते अकरा टक्के होतं, १०,००० काढले तर दोन टक्क्यांच्या थोडं वर. म्हणून कमी वेळा आणि मोठी रक्कम काढा. यंत्र 'रुपयांत हिशोब करू का' विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात घ्या. रुपयांचा दर यंत्रवाला लावतो आणि तो महाग असतो. ओटीपी आपल्या भारतीय सिमवरच येणार, म्हणून ते फोनमध्येच राहू द्या, रोमिंग घरूनच चालू करा आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्या.

रात्रीच्या गाडीवर थोडं थांबू. बँकॉकहून सरहद्दीवरच्या पदांग बेसार स्टेशनला जाणारी ४५ क्रमांकाची गाडी संध्याकाळी हुआ हिनला येते, तिथूनच चढा. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ घ्या. तो वरच्यापेक्षा रुंद असतो, थोडा महाग. अंथरूण गाडीत मिळतं, पण डबा फार गार असतो आणि दिवे रात्रभर जळतात, तेव्हा एक शाल आणि डोळ्यांवर बांधायला रुमाल हवाच. जेवण स्टेशनवरून बांधून घ्या. सकाळी पदांग बेसारला सगळं सामान घेऊन उतरायचं. थायलंडचा निर्गम आणि मलेशियाचा प्रवेश एकाच इमारतीत होतो. इथे घड्याळ चुकतं. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, मलेशिया आणि सिंगापूर अडीच तास. थाई घड्याळात आठ वाजता उतरलात तर पुढच्या मलेशियन कोम्युटर (लोकल) गाडीच्या वेळापत्रकात नऊ वाजलेले असतात, आणि फोन कधीकधी थाई टॉवरच धरून बसतो. हाताला साधं घड्याळ बांधा आणि रांगेतच एक तास पुढे करा. तिथून बटरवर्थ दोन तासांच्या आत, आणि बटरवर्थहून फेरीबोटीने जॉर्ज टाउन, म्हणजे पेनांगचं मुख्य शहर.

सिंगापूरला बसने जाताना दोन्ही चौक्यांवर सामानासकट उतरावं लागतं. रांगेत उशीर झाला तर बस निघून जाते, म्हणून उतरतानाच बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवार टाळा.

बॅग सात किलोच्या आत. जाड सोलापुरी टॉवेल घरीच ठेवा. आपल्या कोरड्या हवेत तो तासात वाळतो, तिथल्या दमट हवेत दोन दिवस ओला राहतो आणि वास मारतो. दोन पातळ पंचे घ्या. जीन्सचंही तेच. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारा एक जोड पुरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, २०,००० एमएएचपर्यंत बिनधास्त, पण त्यावरचे आकडे पुसलेले नसावेत. मलेशिया आणि सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, ॲडॅप्टर लागतो.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी याहून चांगली शिदोरी नाही: वजन कमी, टिकते, सांडत नाही. चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधा. मात्र काळा मसाला किंवा लाडू देताना घरच्यांना खसखशीबद्दल विचाराच. सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. मावा, गुटखा, तंबाखू तिथे चालत नाही, ई-सिगारेट थायलंडमध्येही नाही. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर घेण्याआधी परवानगीचा नियम तपासा. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, त्यावर औषधाचं मूळ नाव असावं. शाकाहाऱ्यांनी थायलंडमध्ये 'जे' हा शब्द पाठ करावा. पिवळ्या फलकावर लाल अक्षर असतं. तिथे मासळीचा रस, अंडं, कांदा, लसूण काहीच नसतं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासळीचा रस पडतोच.

स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते पाहा. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. विम्याची तारीख घरून निघण्याच्या दिवसापासून धरा.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: थायलंड पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९, मलेशिया ९९९, सिंगापूर पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. याच पानाची प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी एका माणसाकडे द्या. रोज रात्री ठरल्या वेळी त्यालाच एक निरोप: आज कुठे, उद्या कुठे. दोन दिवस निरोप आला नाही तर त्याने कोणाला फोन करायचा, हेही आधी बोलून ठेवा.

हैदराबादला विमानाच्या आदल्या दिवशीच पोहोचा. अंतर साधारण ३०० किलोमीटर, पण शमशाबादचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि शहरातून जायला लागलं तर दोन तास सहज जातात. निघण्याच्या सकाळी गॅसचा रेग्युलेटर बंद करा. आणि नळ विसरू नका: चार-पाच दिवसांआड येणारं पाणी तुम्ही नसतानाही येणार. एखादी तोटी उघडी राहिली तर घरभर तळं होईल, म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद करून किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, आणि पाण्याची पाळी कधी आहे तेही त्यांना सांगा.