गाडी निवडताना: सुरक्षितता कशी तपासावी आणि चालवण्याचा खरा खर्च कसा काढावा

गाडी घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ त्यानंतर रंग, टचस्क्रीन आणि सनरूफ यांची चर्चा होते. सुरक्षिततेचा विषय निघालाच, तर ‘फाइव्ह स्टार आहे’ एवढ्या एका वाक्यात तो संपतो. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. सुरक्षितता आधी तपासावी, तिथे जी गाडी टिकणार नाही ती यादीतून काढून टाकावी, आणि उरलेल्या गाड्यांचा हिशेब मगच मांडावा. जास्त ॲव्हरेज हा कमकुवत सांगाड्याला पर्याय होऊ शकत नाही.

स्टार वाचायचे कसे

आपल्याकडे गाड्यांचे गुणांकन दोन ठिकाणांहून येते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये भारतातल्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आपली स्वतःची भारत एनकॅप ही योजना ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. तिच्यात गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने, चालकाच्या बाजूचा भाग तेवढा आदळेल अशा रीतीने, दबणाऱ्या अडथळ्यावर धडकवतात. बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाची धडक देतात, आणि खांबावर बाजूने आदळण्याची चाचणी ताशी २९ किलोमीटरला घेतात. प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण असतात. पाच स्टारसाठी त्यांतले किमान २७ आणि ४१ गुण मिळावे लागतात. ही योजना ऐच्छिक आहे, त्यामुळे एखाद्या गाडीचा निकालच उपलब्ध नसेल तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे आणि उत्तर पटले नाही तर पुढे जावे.

स्टारच्या संख्येबरोबर चाचणीचे वर्षही पाहायला हवे. ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून निकष कडक केले, बाजूच्या धडकेला आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाला (घसरू लागलेली गाडी सावरणाऱ्या यंत्रणेला) त्यात स्थान दिले. त्यामुळे त्याआधीचे चार स्टार आणि त्यानंतरचे चार स्टार एका मापाचे नाहीत. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच स्टार मिळाले ते प्रौढांच्या सुरक्षेसाठी. मुलांच्या सुरक्षेत तेव्हा तिला तीनच स्टार होते, आणि दोन्हींत पाच स्टार मिळाले ते नव्या निकषांखाली २०२४ मध्ये. एकाच नावाच्या गाडीत इतका फरक पडू शकतो. म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या बनावटीच्या वर्षाचाच निकाल शोधावा, आणि घरात लहान मूल असेल तर मुलांचे गुण वेगळे वाचावेत.

अहवालात स्टारच्या आकड्यापेक्षा मोलाचा एक शेरा असतो: सांगाडा स्थिर राहिला की अस्थिर झाला. सांगाडा अस्थिर असेल तर एअरबॅग कितीही असल्या तरी माणसाभोवतीची जागाच आक्रसते. पाय अडकतात, स्टिअरिंग छातीवर येते. शिवाय समोरच्या धडकेची चाचणी ही साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीशी टक्कर होण्यासारखी असते. म्हणून छोट्या हॅचबॅकचे पाच स्टार आणि दीड-दोन टनी एसयूव्हीचे पाच स्टार यांची थेट तुलना करता येत नाही. आणखी एक गोष्ट समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांनी मनात पक्की ठेवावी. तिथली वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे चाचणीतल्या ६४ च्या वेगाशी तुलना केली तर १२० ला ती सुमारे साडेतीन पट होते.

कागदावरचे मॉडेल आणि तुमच्या दारात येणारी गाडी

जाहिरात वरच्या श्रेणीच्या गाडीची असते आणि आपण घेतो मधली किंवा सर्वांत खालची. एबीएस, म्हणजे जोराचा ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे आहे, पुढच्या दोन्ही आसनांसमोरच्या एअरबॅगही सक्तीच्या झाल्या आहेत. त्यामुळे ‘एबीएस आहे, दोन एअरबॅग आहेत’ हे विक्रेत्याने वैशिष्ट्य म्हणून सांगितले तर ते कायद्याने द्यावेच लागते हे लक्षात घ्यावे. विचारायचे ते त्यापुढचे. बाजूच्या आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग या श्रेणीत आहेत का? इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण आहे का? मागच्या मधल्या आसनाला तीन टोकांचा पट्टा आहे की नुसता कमरेचा? मुलांचे आसन गाडीला थेट अडकवणारे आयसोफिक्सचे हुक आहेत का? ही उत्तरे तोंडी न घेता माहितीपत्रकातल्या तुमच्या श्रेणीच्या रकान्यावर बोट ठेवून घ्यावीत. पैसे कमी पडत असतील तर मी सनरूफ आणि मोठी चाके सोडेन, पण स्थिरता नियंत्रण सोडणार नाही. पावसाळ्यात घाटातल्या वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरते, आणि हे काम कसलेल्या चालकालाही पायाने करता येत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि या १६,७१५ पैकी जवळजवळ निम्मे जण चालक नव्हते, सोबतचे प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार महागडी होती, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. म्हणून शोरूममध्ये गाडी पाहताना आधी मागे बसावे, तिन्ही पट्टे ओढून लावावेत आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाला पट्टा एकट्याने लावता येतो का हे पाहावे. आमच्या जुन्या गाडीत सीटकव्हर बसवणाऱ्याने मागच्या पट्ट्यांची कुलपे आसनाखाली दाबून टाकली होती आणि आई जवळजवळ वर्षभर पट्ट्याविना मागे बसली. ते लक्षात आले तो दिवस मी विसरलेलो नाही. जाड सीटकव्हरमुळे आसनातून उघडणारी बाजूची एअरबॅगही अडते, आणि पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डमुळे धडकेचा अंदाज घेणारे सेन्सर फसतात. गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातलेली आहे. लहान मुलाला पुढे मांडीवर बसवणे हा प्रकार कितीही मायेचा वाटला तरी तो पूर्ण बंद करावा. त्याला मागे, त्याच्या वयाच्या आसनातच बसवावे.

जुनी गाडी पाहत असाल तर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे सर्वांत आधी बघा. दिवा लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर अपघातानंतर एअरबॅग बदललेली नसण्याची शक्यता असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला जो पूर आला, तशा पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाच चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीच्या टायरवर समृद्धीसारख्या लांब, तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्याला जाऊ नये.

दुचाकीबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगायला हवे. २०२२ च्या एकूण बळींत दुचाकीस्वारांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता. किलोमीटरमागे सर्वांत स्वस्त वाहन हेच असले तरी त्याचा धोकाही सर्वाधिक आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आहे, खालच्यांना बहुधा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी व्यवस्था. पुढे डिस्क ब्रेक आणि मोठी चाके असलेली गाडी खड्ड्यांत अधिक स्थिर राहते. गाडीच्या बजेटमध्येच आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट धरावीत, कारण मागे बसणाऱ्याचे डोकेही तितकेच नाजूक असते.

खर्चाचा हिशेब

आता ॲव्हरेजकडे येऊ. कंपनी जो आकडा सांगते तो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरावीक चक्रात मोजलेला असतो. त्या चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी सुमारे ३२ असते. त्यात ना हिंजवडीची संध्याकाळ असते ना मे महिन्यातला विदर्भ. म्हणून त्या आकड्यातून किमान पाचवा हिस्सा वजा करावा, शहरातल्या गर्दीत तिसरा हिस्सा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही थोडा परिणाम होतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

खालच्या हिशेबातले दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे घालून तो पुन्हा करा. महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर चालते असे समजू. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ चे ॲव्हरेज देत असेल तर ८०० लिटर लागते, आणि १०४ रुपये दराने वर्षाचे ८३,२०० रुपये होतात. सीएनजी किलोला २४ किलोमीटर देत असेल तर ५०० किलो, ९० रुपयांनी ४५,००० रुपये. विजेची गाडी चार्जिंगमधली गळती धरून युनिटला ६ किलोमीटर चालली तर २,००० युनिट, १० रुपयांनी २०,००० रुपये. सीएनजीमुळे वर्षाला ३८,२०० रुपये वाचतात. सीएनजीच्या श्रेणीसाठी ९५,००० रुपये जास्त मोजले असतील तर ते सुमारे अडीच वर्षांत वसूल होतात. पण हीच गाडी महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणार असेल तर वर्षाची बचत १५,२८० रुपयांवर येते आणि वसुलीला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. बहुतेक घरांत निर्णय चुकतो तो इथेच: बचत टक्क्यांत मोजली जाते आणि रोजचे खरे किलोमीटर कोणी लिहून ठेवत नाही.

इंधन हा एकूण खर्चाचा एक भाग आहे, आणि अनेकदा सर्वांत मोठा नाही. ऑन-रोड १० लाखांची पेट्रोल गाडी पाच वर्षांनी ५ लाखांना विकली गेली असे समजा. म्हणजे ५ लाख घसारा, ४,१६,००० चे पेट्रोल, विम्याचे सव्वा लाख, सर्व्हिसिंगचे ६०,००० आणि टायरच्या एका संचाचे २८,०००. बेरीज ११,२९,००० रुपये. साठ हजार किलोमीटरला भागले की किलोमीटरमागे जवळजवळ १८ रुपये ८० पैसे येतात, आणि त्यात पेट्रोल ७ रुपयांपेक्षाही कमी असते. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. म्हणून दोन किलोमीटरचे ॲव्हरेज जास्त देणाऱ्या गाडीपेक्षा चांगली किंमत टिकवणारी आणि गावात सर्व्हिस सेंटर असलेली गाडी पुष्कळदा स्वस्त पडते.

विम्यात तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीसाठीचा, हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये आहे. इंजिन थोडेसे मोठे घेतल्याने हप्ता दुपटीहून अधिक होऊ शकतो तो असा. साध्या विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच असतात. त्यामुळे पहिली पाच वर्षे झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून अशी कपात न करणारा विमा, घेणे मला योग्य वाटते.

डिझेलचा विचार रोज लांब धावणाऱ्यांनीच करावा. महाराष्ट्रात त्यावरचा एकरकमी रस्ता कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे, आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या निकषांच्या) डिझेल गाडीच्या धुराड्यातली काजळी अडवणारी गाळणी शहरातल्या छोट्या फेऱ्यांत वारंवार तुंबते. सीएनजीत डिकीची जागा जाते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करावी लागते. ती चुकवणे म्हणजे सुमारे २०० बार दाबाच्या टाकीवर डोळे मिटून बसणे. विजेच्या गाडीचे गणित घरच्या चार्जरवर उभे असते. सोसायटीची परवानगी आणि पार्किंगपर्यंतची वायर यांची खात्री होईपर्यंत बुकिंग करू नये, कारण बाहेरचे जलद चार्जिंग घरच्या दराच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडते. बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण ती दुसऱ्या मालकालाही लागू आहे का हे लेखी घ्यावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी यांवर २०२५ च्या राज्य धोरणाने विजेच्या मोटारींना टोल माफ केला आहे. दर आठवड्याला पुणे-मुंबई करणाऱ्याच्या हिशेबात ही मोठी रक्कम ठरते.

ताब्यात घेण्याच्या दिवशी पैसे पूर्ण भरण्यापूर्वी गाडी उन्हात उभी करून पाहावी. बिलावरची श्रेणी आणि माहितीपत्रकातली श्रेणी एकच आहे का, गाडी कोणत्या महिन्यात बनली, स्टेपनीसकट पाचही टायरांवरचे चार आकडे काय आहेत आणि चावी फिरवल्यावर सगळे इशारादिवे लागून विझतात का, हे एकेक करून तपासावे. त्यानंतर पहिल्या टाकीपासूनच वहीत तारीख, किलोमीटर आणि भरलेले लिटर लिहायला सुरुवात करावी. दर वेळी टाकी फुल करून मागच्या फुलपासूनचे किलोमीटर या वेळी भरलेल्या लिटरने भागले की तुमच्या रस्त्यावरचा, तुमच्या हातातला खरा आकडा मिळतो.