परिपत्रकाला मिश्कील उत्तर कसे लिहावे

विद्यापीठाच्या प्रशासनाला मिश्कील उत्तर लिहायचे असेल तर आधी खरे उत्तर लिहा: मागितलेली माहिती पूर्ण, विहित नमुन्यात, मुदतीच्या आत. विनोदाची ओळ खोडली तरी उत्तर पूर्ण राहिले पाहिजे. तसे नसेल तर फाईल परत येईल, आणि परत पाठवणाऱ्याचे त्यात काही चुकलेले नसेल.

मग परिपत्रक पुन्हा वाचून विसंगती शोधा. मागितलेली माहिती त्याच कार्यालयाकडे आधीपासून आहे का? मुदत पत्र पोहोचण्याआधीच संपली आहे का? दोन सूचना एकमेकींना छेदतात का? यांतली एकच घ्या. रोख आदेशावर ठेवा, तो टाइप करणाऱ्या लिपिकावर नको. नमुना बहुधा त्याने आखलेला नसतो.

भाषा कार्यालयाचीच वापरा. उद्गारचिन्हे, स्मायली, कोट्या टाळा. समजा, कागदबचतीचा अहवाल तीन प्रतींत मागवला आहे:

"उपरोक्त विषयास अनुसरून विभागाचा अहवाल तीन प्रतींत सोबत जोडला आहे. त्यासाठी लागलेले १२ कागद रकाना ४ मध्ये 'वापर' या शीर्षाखाली दाखवले आहेत. पुढील अहवाल ईमेलने स्वीकारल्यास हा आकडा शून्यावर आणता येईल. सविनय सादर."

इथे टोमणा मारणारे एकही विशेषण नाही. गंमत आकड्यात आहे आणि शेवटी मान्य करता येईल अशी सूचना आहे. इतिहासाचे प्राध्यापक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली नोकरशाहीच्या वाढीवर लिहिताना हेच केले: १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि नौदल मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. एवढे मांडले की टोमणा वेगळा मारावा लागत नाही. मात्र आपले आकडे खरे हवेत. कागद मोजून लिहा.

प्रपत्रात विनोदाची हक्काची जागा म्हणजे 'शेरा'. तिथे दहा-बारा शब्द पुरे. आकड्यांच्या रकान्यात गंमत कधीच नको: 'बैठकांचे तास' खाली 'असंख्य' लिहिले की एक्सेलमधली बेरीज चुकते आणि तेच प्रपत्र पुन्हा भरायला येते.

बहुतेक गोंधळ 'रिप्लाय ऑल'मुळे होतात. विभागात हशा पिकवणारी ओळ अनोळखी वाचकाला उद्धट वाटते, कारण पत्रात आवाजाचा सूर पोचत नाही. तक्रार, चौकशी, परीक्षेचा निकाल किंवा कुणाच्या पगाराची फाईल असेल तर विनोद पूर्ण वगळा. ती कागदपत्रे अनेक वर्षांनी भलत्याच कारणासाठी उघडली जातात. सही कायम नोकरीतल्या वरिष्ठाची घ्या. कंत्राटी सहकाऱ्याच्या नावाने असे पत्र पाठवणे हा भ्याडपणाच.

तिकडूनही तितक्याच गंभीर चेहऱ्याने खोचक उत्तर आले तर पोच द्या आणि थांबा. त्यापुढच्या पत्राला बहुधा खुलासा मागवला जातो.