संगणक चालू होतो, पण पडदा काळाच राहतो: दोष घरच्या घरी कसा शोधावा

बटण दाबल्यावर कॅबिनेटमधला पंखा फिरू लागतो, दिवाही लागतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा बहुतेक घरांत तेच बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते. तसे करू नये. संगणक एकदाच चालू करावा आणि दोन मिनिटे त्याच्याकडे नीट पाहावे. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे का, सुरुवातीला कंपनीचे नाव किंवा चिन्ह क्षणभर तरी दिसले का, आणि कीबोर्डवरील नमलॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो-विझतो का, या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. दोष मॉनिटरमध्ये आहे, आतल्या यंत्रभागांत आहे की विंडोजमध्ये आहे, हे बहुतेक वेळा एवढ्यावरूनच उमगते आणि पुढचा बराच खटाटोप वाचतो.

नमलॉकचा दिवा कळेनुसार बदलत असेल तर संगणक बहुधा जागा आहे आणि चित्र वाटेत कुठेतरी अडले आहे. अशा वेळी चित्राची केबल कॅबिनेटच्या बाजूने काढावी आणि मॉनिटर चालूच ठेवावा. सिग्नल नसल्याची सूचना पडद्यावर आली तर मॉनिटर ठीक आहे असे समजावे. काहीच आले नाही तर त्याची वीजेची वायर आणि सॉकेट तपासावे, आणि खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश पडद्यावर तिरका टाकून पाहावा. चित्र अगदी पुसट दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे, संगणकाला काहीही झालेले नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र तयार करणारी पाटी, बसवलेल्या संगणकात केबल कार्डालाच जोडायची असते. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीच्या, जागेत लावली गेली, तर सगळे उत्तम असूनही पडदा काळा राहू शकतो. मॉनिटरच्या बटणांवरून योग्य इनपुट निवडले आहे ना, हेही पाहून घ्यावे.

नमलॉक प्रतिसाद देत नसेल आणि कंपनीचे चिन्हही उमटत नसेल, तर संशय आधी रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर, घ्यावा, विशेषतः नागपुरात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलरशिवाय दुपार निघत नाही. बहुतेक घरांत संगणकाचे टेबल कूलरच्याच झोतात असते, कारण बसणाऱ्यालाही गारवा हवा असतो. मात्र कूलरची हवा ओलसर असते, आणि कॅबिनेटमध्ये साचलेल्या धुळीला हा ओलावा मिळाला की तिचा चिकट थर बसतो. रॅमच्या पट्टीवरील सोनेरी संपर्कबिंदू अशाने मळतात. आमच्या घरचा संगणक एका वर्षी ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, असाच बंद पडला होता. दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगण्यात आले, आणि घरी आणून रॅम पुसून बसवल्यावर तो सुरू झाला. त्या दिवसापासून मी कोणालाही रॅम पाहिल्याशिवाय मदरबोर्डवर खर्च करू देत नाही.

रॅम पुसण्याची रीत सोपी आहे, पण ती घाईने करू नये. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा, मग चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटची बाजू उघडून त्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, जेणेकरून अंगातील स्थिर वीज उतरेल. खाचेच्या टोकाची पकड दाबून रॅमची पट्टी कडांना धरून बाहेर काढावी, सोनेरी बिंदूंवरून पेन्सिलीचा स्वच्छ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि खोडरबराचा चुरा मऊ ब्रशने झटकून टाकावा. खाचेतील धूळही ब्रशने काढावी, तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीतही ओलावा असतो. पट्टी परत बसवताना तिची खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. पकड कट् असा आवाज करून लागेपर्यंत ती बसलेली नसते. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून संगणक चालू करून पाहावा, म्हणजे बिघडलेली कोणती आणि चांगली कोणती हे आपोआप कळते. रॅम बदलल्यानंतर नवीन संगणक, विशेषतः डीडीआर ५ रॅम असलेले, पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटे काळा पडदा ठेवू शकतात. तेवढा धीर धरावा.

रॅमने काम झाले नाही तर ग्राफिक्स कार्डही असेच काढून बसवावे आणि त्याला वेगळी वीजवायर असल्यास ती पक्की आहे का पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल, ज्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, पाच मिनिटे काढून परत लावल्यास बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ आज्ञावलीची, चुकलेली जुळणी मूळ पदावर येते. मदरबोर्डला स्पीकर असेल तर बीप किती आणि कशा वाजतात हे मोजून त्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. प्रत्येक बायोसची बीपची भाषा वेगळी असते.

एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी, पेटी मात्र कधीही उघडू नये. आपल्या घरातील २३० व्होल्टची वीज त्यात थेट येते आणि प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब साठून राहू शकतो. संशय असेल तर दुसरी चालू पेटी लावून खात्री करून घ्यावी. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नयेत, कारण मोटर सुरू होताना क्षणभर अधिक वीज ओढते.

कंपनीचे चिन्ह दिसले, विंडोजचे वर्तुळही फिरले आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर पेचकसाची गरज नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारी आज्ञावली, नव्याने सुरू होतो. माउसचा बाण तेवढा दिसत असेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नवीन काम सुरू करण्याच्या चौकटीत explorer.exe असे लिहावे. तरीही जमले नाही तर विंडोज सुरू होत असतानाच बटण दाबून धरून संगणक बंद करावा, आणि असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यातील प्रगत पर्यायांतून स्टार्टअप सेटिंग्ज निवडून संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ४ ही कळ दाबली की सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारे विंडोज, उघडतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर येथे त्याची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच शोधून ठेवावी. सेफ मोडमध्ये चित्र नीट दिसले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तो मागील आवृत्तीवर न्यावा, किंवा काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करावा.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला तर संगणक नागपूरच्या सीताबर्डी बाजारात किंवा जवळच्या दुकानात जरूर न्यावा, पण आपण लिहिलेला कागद सोबत द्यावा आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे. काळ्या पडद्यामुळे हार्ड डिस्कवरील फोटो आणि कागदपत्रे पुसली जात नाहीत. ती घाईच्या फॉरमॅटने जातात. मन धास्तावत असेल तर डिस्क काढून घरीच ठेवावी, कारण रॅम, कार्ड आणि मदरबोर्ड तपासायला ती लागत नाही.