म्युझियममधला जुना उंदीर हातात घेताना

नॅचरल हिस्टरी कलेक्शनमध्ये पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी एक सांगतो, ड्रॉवर उघडला की उंदीर, चिचुंद्री, खार अशा कापूस भरलेल्या स्किन ओळीने पडलेल्या दिसतात आणि हात आपोआप शेपटीकडे जातो. तिथेच चुकतं! शेपटीत नुसती तार असते आणि वरची कातडी वाळून कडक झालेली, पटकन तुटते. नेहमी पोटाखालून आख्खा तळहात लावून उचला. आणि नायट्राइल (रबरासारखे) ग्लोव्हज हवेतच, कारण जुन्या स्किन टिकाव्यात म्हणून विषारी आर्सेनिक लावायचे, आणि ते अजून तिथेच असतं. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 1911 ते 1923 च्या मॅमल सर्व्हेच्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पाहणीच्या काळातले नमुने म्हणजे तर शंभरी पार केलेले. काम झालं की साबणाने हात धुवा, चहा नंतर.

आता मापं. वाळलेल्या स्किनचं डोकं-धड मोजत बसू नका, भरताना ती ताणली जाते किंवा आखडते. पायाला बांधलेल्या लेबलवर ताज्या प्राण्याची मापं मिलिमीटरमध्ये असतात, डोकं-धड, शेपूट, मागचा पंजा, कान, तीच घ्या. कवटी बहुतेक वेगळ्या डबीत असते, नंबर जुळवूनच बाहेर काढा, एका वेळी एकच. आणि लेबल कितीही मळकं असलं तरी पायापासून वेगळं करायचं नाही हं, त्याच्याशिवाय तो नुसता कापूस भरलेला उंदीर.