उपाशी पेशंट नजरेतून का सुटतो? सिस्टर, या चुका टाळा

"घरी खाण्यापिण्याचं व्यवस्थित आहे ना?" असं चार लोकांसमोर विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो सिस्टर." सासू शेजारी उभी असताना कुठली सून सांगेल, की तिची जेवायची पाळी येईपर्यंत टोपलीत भाकरीच उरत नाही? बीपी बघायच्या निमित्ताने तिला बाजूला घ्या आणि नेमकं विचारा. काल सकाळपासून काय काय खाल्लं? घरात शेवटी कोण जेवतं? गेल्या महिन्यात धान्य संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं झालं का?

सगळ्यात महागात पडणारी चूक औषधांची. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, तर साखर झपकन उतरते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. एकदा असा अनुभव आला की पेशंट गुपचूप औषध बंद करतो. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली दिसते, केसपेपरवर 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा पडतो आणि डोस वाढतो. आता तो डोस त्याने खरंच उपाशीपोटी घेतला तर? म्हणून डोस वाढण्याआधीच जेवणाची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

डिस्चार्ज देताना 'दूध, अंडी, फळं खा' हे पाठ केलेलं वाक्य रोजंदारीवरच्या माणसाला ऐकवून काय उपयोग? भाकरीसोबत डाळ, मूठभर शेंगदाणे, शेवग्याचा पाला, यातलं घरात काय असतं त्यावरून सुरुवात करा.

लहान मुलांत नुसत्या वजनावर जाऊ नका. दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खड्डा राहिला, म्हणजे सूज असली, तर दंडाचा घेर मोजायची पट्टी हिरवी (म्हणजे घेर ठीक) दाखवत असली तरी मूल लगेच डॉक्टरांना दाखवा.

योजनेचं नाव सांगून हात झटकणं ही शेवटची चूक. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. पण पासबुक बघितल्याशिवाय 'पैसे येतात' यावर विश्वास ठेवू नका, खातं बंद पडलेलं असू शकतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाला वाटतं, कार्ड गावचं, म्हणजे इथे धान्य नाही. त्यांना सांगा, अन्न सुरक्षा योजनेचं कार्ड असेल तर कारखान्याजवळच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, आणि गावी राहिलेले म्हातारे त्याच कार्डावर आपला वाटा तिथे उचलू शकतात.